दहाचं नाणं नाकारणाऱ्या दुकानदाराची तक्रार करायची की नाही?

बर्डीवाला: नागपुरात बर्डी, इतवारी, सक्करदरा, कुठंही जा, दहाचं नाणं काढलं की "भाऊ हे चालत नाही, नोट द्या". काऊन चालत नाही? रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच सांगून टाकलं की दहाच्या नाण्याचे १४ डिझाईन आहेत आणि सगळे चालतात. पंधरा रेघांचं नकली, दहा रेघांचं खरं, ₹ चिन्ह नसलेलं नकली, ही निव्वळ अफवा. रुपयाचं चिन्हच २०१० मध्ये आलं, तर त्याआधीच्या नाण्यावर ते असेल कसं? तक्रार झालीच पाहिजे.

महाल किराणा: करा तक्रार, पण आमचंही ऐका नं. मी नाणी घेतो, मग गिऱ्हाईकाला द्यायला गेलो तर तो हात मागं घेते, ठोकवाला घेत नाही आणि बँकेत थैली नेली तर "आज मोजायला माणूस नाही, उद्या या". पैसे माझे अडकून राहिले, तुमचे नाही.

बर्डीवाला: बँकेनं चिल्लर घेतलीच पाहिजे, तसे रिझर्व्ह बँकेचे आदेश आहेत. त्यांचं ऑफिस तर आपल्या नागपुरातच आहे, लेखी द्या तिथं.

जुनी नाणी: कायदा पूर्ण सांगा भाऊ. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात १००० रुपयांपर्यंतच घेणं बंधनकारक, नोटांना अशी मर्यादा नाही. आणि नाणी रिझर्व्ह बँक फक्त वाटते, पाडते केंद्र सरकार, मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाच्या टांकसाळीत, म्हणूनच नाण्यावर गव्हर्नरची सही नसते. तरी माझं मत दुकानदाराच्या विरोधातच आहे. भोसल्यांच्या काळी इथं नागपुरी रुपया चालायचा, बाहेरचा रुपया आणला की सराफ पारखून बट्टा कापायचे. ती कटकट संपावी म्हणून तर कंपनी सरकारनं १८३५ मध्ये आपल्या मुलखात एकच रुपया केला. आता गल्लोगल्ली कोणतं नाणं चालते हे दुकानदार ठरवणार का?

महाल किराणा: तेव्हाच्या रुपयात चांदी होती, नाहीच चालला तर वितळवता यायचा. ह्या दहाच्या नाण्याची किंमत समोरचा घेते तोवरच. पन्नास पैसे कायद्यानं आजही चालू आहेत, कोण घेते सांगा? आधी बँकेच्या काउंटरवर घ्यायला लावा, मी दुकानावर पाटी लावतो, "दहाची नाणी घेतली जातील".