वुडकटमध्ये जुन्या पद्धतीचं शेडिंग, नागपूरच्या उन्हात जमते का?

ठसेवाला: मंडळी, मी वुडकट करतो, म्हणजे लाकडावर चित्र कोरून कागदावर छापतो, आतापर्यंत ऑइल इंक आणि रोलरवरच. रोलरवर दोन रंग मिसळून ग्रेडेशन येते पण लय सपाट दिसते. जुन्या जपानी चित्रकार हिरोशिगेच्या प्रिंटमध्ये वरची निळी पट्टी खाली खाली विरत जाते ना, ती बोकाशी, ते वॉटर कलरने करून पाहून राहिलो. पण मे महिना, रंग ब्लॉकवर लागता लागताच सुकते आणि विरायचं सोडून मधात कडक रेघ पडते. ब्लॉक सागवानाचा आहे. कोणी केलं आहे का?

कोरीवकाम: भाऊ, आधी पाणी, मग रंग. जिथे रंग विरायला हवा तो भाग ओल्या फडक्याने पुसा, पाणी साचू देऊ नका. ब्रशच्या एकाच कोपऱ्याला रंग घ्या, थोडी तांदळाची खळ, आणि ब्रश सरळ आडवा इकडून तिकडे, रंगाचा कोपरा कायम गडद बाजूला, गोल फिरवला की संपलं. एकदाच छापून गडद येत नाही, त्याच कागदावर परत परत छापा, दर वेळी पट्टी जरा अरुंद. कागद आदल्या रात्री ओला करून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. रंगात ग्लिसरीनचा एखादा थेंब. आणि कूलरच्या झोतासमोर तर बसूच नका, पहाटे करा.

लकडगंजवाला: सागवानाची छिद्रं मोठी, ग्रेडेशनमध्ये त्याचे पट्टे उमटतात (काही लोकांना आवडतात म्हणा). जपानी लोक जंगली चेरी वापरतात, ते इथं कुठून आणता. लकडगंजात आरामशीनवाल्याला हळदूचा वाळलेला तुकडा मागा, पोत एकदम बारीक. शिवणपण चालते.

रेघोटी: शेडिंग म्हटलं की सगळे जपानलाच काऊन जातात? बोकाशी दर प्रिंटला वेगळी येते, एडिशन (एकसारख्या प्रतींचा संच) काढायची तर डोक्याला ताप. ठसे कोरणाऱ्या थॉमस ब्यूइकने 18व्या शतकात इंग्लंडात काय केलं, जो भाग फिकट हवा तिथलं लाकूड किंचित खरवडून खाली घ्यायचं, तिथे दाब कमी पडते, मग काळी रेघसुद्धा करडी छापते. अर्थात ते खोडाच्या आडव्या कापावर, बॉक्सवुड नावाच्या कडक लाकडात, त्यालाच वुड एन्ग्रेव्हिंग म्हणतात. आपल्या बंगालच्या हरेन दासांची वुड एन्ग्रेव्हिंग पण पहा, बारीक रेघांतून काय टोन काढला आहे.

ठसेवाला: माझ्याकडे प्रेस नाही, हातानेच घासतो, त्यामुळे ब्यूइक नंतर. हळदू बघतो. खळ किती टिकते?

कोरीवकाम: या गर्मीत? संध्याकाळपर्यंत आंबते. रोज ताजी शिजवा.