सीझन बॉलसाठी मावसभावाचे जुने हेल्मेट मुलीला चालेल का?

क्रिकेटपटूची आई, नाशिक

माझी १२ वर्षांची मुलगी दोन वर्षे टेनिस बॉलवर खेळत होती. या महिन्यापासून प्रशिक्षकांनी तिला सीझन बॉलच्या, म्हणजे कडक चामडी चेंडूच्या, नेटमध्ये घेतले आहे. घरात तिच्या मावसभावाचे पाच-सहा वर्षांपूर्वीचे हेल्मेट आहे. त्यावर एका बाजूला चेंडू लागल्याची खूण आहे, मात्र तडा दिसत नाही, आणि आतून स्पंजची पट्टी लावली की ते तिच्या डोक्यावर बसते. तिचे आजोबा म्हणतात की त्यांच्या काळी मॅटिंगवर (चटईच्या खेळपट्टीवर) कोणी हेल्मेट घालत नसे आणि एवढे सामान अंगावर चढवले तर मुलीला धावताच येणार नाही. सगळे साहित्य एकदम नवे घेणे आम्हाला जड आहे, म्हणून कोणत्या वस्तूवर तडजोड करता येते आणि कोणत्या वस्तूवर मुळीच करू नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नेटमधला प्रशिक्षक, कोल्हापूर

ताई, ते हेल्मेट वापरू नका. हेल्मेटचे बाहेरचे कवच चेंडूचा मार एका बिंदूवर न ठेवता पसरवते आणि आतला फोम दबून तो मार शोषतो. पण एकदा जोराने दबलेला फोम पूर्ववत होईलच असे नाही, आणि ते बाहेरून कळत नाही. स्पंज लावून बसवलेले हेल्मेट तर चेंडू लागताच डोक्यावर फिरते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट हेल्मेटच्या चेहऱ्यासमोरील जाळीची आहे. पुरुषांच्या चेंडूचा घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर असतो, तर १३ वर्षांखालील मुलांच्या चेंडूचा २०.५ ते २२ सेंटिमीटर. त्यामुळे जी फट मोठा चेंडू अडवते, तिच्यातून लहान चेंडू आत येऊन नाकावर किंवा डोळ्यावर आदळू शकतो. बीएस ७९२८:२०१३ या ब्रिटिश मानकात जाळीची चाचणी मोठ्या आणि लहान चेंडूंवर वेगवेगळी घेतली जाते. खरेदी करताना आतल्या लेबलवर हे मानक आणि लहान चेंडूचा उल्लेख दोन्ही पाहा.

पायाचे पॅड आणि मांडीवरचे थाय पॅड वापरलेले चालतील, पण मापाचे हवेत. पॅडची गुडघ्याची घडी बरोबर गुडघ्यावर आली पाहिजे. लांब पॅड बांधलेली मुले धाव घेताना अडखळतात, म्हणजे आजोबांची शंका मोठ्या मापाच्या साहित्याबाबत अगदी रास्त आहे. हेल्मेटबाबत मात्र त्यांना नरी कॉन्ट्रॅक्टर यांची आठवण करून द्या. १९६२ मध्ये बार्बाडोसमध्ये वेगवान गोलंदाज चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागून त्यांची कवटी फुटली, त्यांच्यासाठी वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनीही रक्तदान केले, आणि भारताचा तो कर्णधार पुन्हा कधीही कसोटी खेळला नाही.

फिजिओथेरपिस्ट, पुणे

वरील प्रत्येक मुद्द्याशी सहमत असूनही मी एक भर घालते, कारण चांगले हेल्मेट घेतल्यावर पालक निर्धास्त होतात. हेल्मेट कवटी आणि चेहऱ्याची हाडे वाचवते. डोक्याला हिसका बसून कवटीच्या आत मेंदू हलतो, ते हेल्मेट पूर्णपणे थांबवू शकत नाही. २०१९ मध्ये लॉर्ड्स कसोटीत इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर लागला, तो उठून पुन्हा फलंदाजीला आला, आणि दुसऱ्या दिवशी मेंदूला धक्का बसल्याची लक्षणे दिसल्यामुळे त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. तेव्हा मुलीला डोक्यावर किंवा मानेवर चेंडू लागला, तर त्या दिवशी तिला पुन्हा खेळू देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. त्यानंतर डोकेदुखी वाढली, उलटी झाली, बोलण्यात गोंधळ दिसला किंवा ती नेहमीपेक्षा जास्त झोपाळली, तर रात्र असली तरी थेट रुग्णालयात न्या.

मानेमागे बसणारा स्टेम गार्डही घ्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज याला चेंडू हेल्मेटखाली, मानेच्या डाव्या बाजूला लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. स्टेम गार्ड त्या भागाचा प्रत्येक मार अडवेल अशी हमी कोणी देऊ शकत नाही, परंतु तो भाग उघडा ठेवण्याचे कारणही मला दिसत नाही.

एक बाबा, सातारा

माझी मुलगी चौदाव्या वर्षात आहे. मुलींसाठी वेगळ्या आकाराचा ॲबडॉमिनल गार्ड आणि चेस्ट गार्ड मिळतो. दुकानदार पुष्कळदा मुलांचाच पुढे करतात, तेव्हा स्पष्ट मागून घ्या. शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षणाला, उभे राहतानाही हेल्मेटचा आग्रह धरा. भारताचे माजी क्रिकेटपटू रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्यात त्याच जागी हेल्मेटविना उभे होते आणि डोक्याला चेंडू लागून त्यांचा मृत्यू झाला.

क्रिकेटपटूची आई, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी आजोबांनीच टेपने तिच्या डोक्याचा घेर मोजला. तो ५३ सेंटिमीटर भरला. हेल्मेट आणि स्टेम गार्ड नवे घेत आहोत, पॅड तिच्या मैत्रिणीचे मिळतील. नवे हेल्मेट येईपर्यंत ती टेनिस बॉलवरच सराव करील, असे प्रशिक्षकांना कळवले आहे.