पिवळा चहा म्हणजे शिळा ग्रीन टी नव्हे
पिवळा चहा म्हणजे ठेवून ठेवून पिवळा पडलेला ग्रीन टीच, असं कुणीतरी म्हटलंय. हे नाही पटलं. पानं कढईत भाजून झाली की गरम, ओलसर असतानाच कागदात किंवा कापडात गुंडाळून ठेवतात. त्या दमट उबेत हिरवा उग्रपणा जातो. चिनीत याला 'मेन हुआंग' म्हणतात, आणि सगळी करामत तिथेच आहे.

चीनच्या हूनान प्रांतातल्या दोंगतिंग सरोवरातल्या बेटावरचा 'जुनशान यिनचेन' हा पिवळा चहा मिळाला तर उंच काचेच्या ग्लासातच करा. पाणी उकळतं नको, 80-85 अंशांचं पुरे. यात पानांच्या नुसत्या न उमललेल्या कळ्याच असतात. आधी वर तरंगतात, मग एकेक करत तळाशी उभ्या राहतात. चव मऊ, गोडसर, मला तरी उकडलेल्या मक्याची आठवण होते. दूध-साखर मात्र अजिबात नको.