एन. डी. पाटील यांनी सत्तेत राहायला हवं होतं का?

कृष्णाकाठ:
एन. डी. सरांबद्दल नितांत आदर आहे, म्हणूनच ही खंत मांडतोय. ढवळीचा शेतकऱ्याचा मुलगा, साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात प्राध्यापक, पुढे इस्लामपूरच्या कॉलेजचे प्राचार्य. एवढा अभ्यासू माणूस मंत्री झाला तो फक्त शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात, १९७८ ते ८०. तेही सहकार खात्याचा. शरद पवारांची बहीण त्यांच्या घरात, म्हणजे दार बंद नव्हतं. पण आपला शेतकरी कामगार पक्ष, शेकाप, काही त्यांनी सोडला नाही. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली, तेव्हा शिक्षणमंत्री एन. डी. असते तर?

वाळव्याचा:
असते तर एकटे पडले असते. मंत्रिमंडळाने एकदा ठरवलं, की मग मंत्र्याला सभागृहात त्याचंच समर्थन करावं लागतं. सरांना ते जमलं नसतं, आठवड्यात राजीनामा दिला असता. आणि विधिमंडळात ते थोडे थोडके राहिले नाहीत. विधान परिषदेत १८ वर्षं, मग १९८५ ला कोल्हापुरातून विधानसभेवर. एन्रॉनच्या वीजप्रकल्पाविरुद्धचा लढा घ्या, रायगडच्या सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) विरुद्धचा घ्या, शेतकरी त्यांच्या मागे आले कारण या माणसाला काही मिळवायचं नाही हे त्यांना माहीत होतं.

सातारकर:
दोघेही रयत विसरलात. १९९० ते २००८ सर रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन होते. माझे वडील रयतच्या वसतिगृहात राहून, 'कमवा आणि शिका'त शेतात राबून शिकले, त्यामुळे हा विषय माझ्या घरचा आहे. त्या काळातले कितीतरी पुढारी स्वतःची संस्था काढून मोठे झाले. पतंगराव कदमांनी १९६४ ला भारती विद्यापीठ काढलं, त्यांचं कर्तृत्व मी नाकारत नाही. पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला काले गावात लावलेला रयतचा वड दुसऱ्याचा म्हणून सांभाळणं, ही वेगळीच जात आहे. मला त्यांचं मंत्रिपद आठवतसुद्धा नाही.

कृष्णाकाठ:
सातारकर, वडिलांचं वाचून भरून आलं. पण रयतच्या शाळेतला मास्तर पगार घेतो तो सरकारी अनुदानातून. पद भरायचं की रिकामं ठेवायचं हे मंत्रालयात ठरतं, साताऱ्यात नाही. म्हणून म्हणतो, आत माणूस हवा.

वाळव्याचा:
आणि कोल्हापूर शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्धचं आंदोलन? सर ८५ च्या घरात होते, तब्येत साथ देत नव्हती, तरी मोर्चात पुढे. व्यापारी, रिक्षावाले, सगळ्या पक्षांचे लोक मागे. राष्ट्रवादी तेव्हा सत्तेत होती, म्हणजे मेहुण्यांचाच पक्ष. २०१५ अखेर टोल गेला. सत्तेत बसलेल्या एन. डीं.च्या मागे कोल्हापूर असं उतरलं असतं का?

कृष्णाकाठ:
नसतं उतरलं, मान्य. पण आपलं ऐकणारा एकही माणूस आत नव्हता, म्हणून त्या वयात त्यांना रस्त्यावर यावं लागलं. ते मला अजून सलतं.