गोसीखुर्द धरणाच्या पाण्यातली डिझेल बोट : दुसरी बॅटरी तिसऱ्या दिवशी बसते, अल्टरनेटर खराब की वायरिंग?

वैनगंगा_काठ :
नमस्कार मंडळी. मासेमारीची लोखंडी बोट आहे, जीपचं जुनं डिझेल इंजिन, १२ व्होल्ट ३५ अँपिअरचा अल्टरनेटर. सेल्फसाठी ८० एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी इंजिनापाशी आहे. पुढच्या टोकाला १५० एएचची ट्युब्युलर (इन्व्हर्टरला असते तशी) बॅटरी, तिच्यावर जिवंत माशांच्या टाकीत हवा सोडणारा एअरेटर (साडेचार अँपिअर, रात्री ८ तास) आणि १० वॅटचे ४ एलईडी दिवे (५ तास). इंजिन रोज जेमतेम २ तास चालतं. दोन बॅटऱ्यांमध्ये करंट एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड टाकला आहे, म्हणजे रात्रीच्या लोडने सेल्फची बॅटरी उतरू नये. मधली वायर ६ स्क्वेअर एमएम, अंतर ५ मीटर.

त्रास असा : तिसऱ्या दिवशी पहाटे एअरेटर मंद होतो. सेल्फची बॅटरी मात्र ठणठणीत. शिवाय इंजिन सुरू केल्यावर चार्जिंग लगेच पकडत नाही, एकदा रेस द्यावी लागते. अल्टरनेटरचे कार्बन (ब्रश) आणि कटआऊट (व्होल्टेज रेग्युलेटर) नवे टाकून झाले, फरक शून्य. आता मेकॅनिक म्हणतो डायनमोच (म्हणजे हाच अल्टरनेटर) बदला. काहून बदलायचा हेच समजत नाही.

पवनीचा_वायरमन :
काही बदलू नका. आधी मीटर लावा. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. चार आकडे लिहून टाका :

पहाटे, सगळा लोड बंद करून तासाभराने, दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे रिकामीच समजा.

मग इंजिन १२०० आरपीएमवर ठेवून पुन्हा दोन्हींचं. मीटरच्या पिना बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर टेकवा, क्लॅम्पवर नको. खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये पांढरी बुरशी असेल तर क्लॅम्पवरचा आकडा फसवतो.

साकोली_ऑटो :
सोपी टेस्ट सांगतो. इंजिन चालू असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन बंद पडलं तर डायनमो गेला, चालू राहिलं तर चांगला.

पवनीचा_वायरमन :
साकोलीवाले भाऊ, ही टेस्ट जुन्या डीसी डायनमोच्या काळातली आहे, अल्टरनेटरवर करू नका जी. बॅटरी हीच व्होल्टेज दाबून धरते. ती अचानक सुटली की क्षणभर बरंच जास्त व्होल्टेज उसळतं आणि आतले डायोड किंवा कटआऊट जळतात. म्हणजे टेस्ट करता करता चांगला अल्टरनेटर खराब होतो. शिवाय डिझेल इंजिनला चालायला स्पार्क लागत नाही. डिझेलचा पंप मेकॅनिकल असेल तर अल्टरनेटर मेला असला तरी इंजिन चालूच राहील. निकाल दोन्हीकडून खोटा.

बॅटरीचा मेन स्विच बसवला असेल तर तोही इंजिन बंद केल्यावरच फिरवायचा, कारण तेच.

वैनगंगा_काठ :
आकडे घेतले. पहाटे : सेल्फची १२.५, ट्युब्युलर ११.९. इंजिन १२०० वर : सेल्फची १४.१, ट्युब्युलर १३.०. वायरभोवती अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर मागून आणला, ट्युब्युलरच्या वायरमधून १३ अँपिअर जात होते. चार्जिंगचा दिवा मागच्या वर्षी एलईडी टाकला आहे, आधी साधा बल्ब होता.

झाडीपट्टी_डिझेल :
अल्टरनेटर निर्दोष आहे. सेल्फच्या बॅटरीवर १४.१ मिळतात म्हणजे कटआऊट, डायोड, कार्बन सगळं काम करतंय. चांगल्या चार्जिंगला १३.८ ते १४.४ हवेत. तुमचे तीन वेगवेगळे दोष एकत्र आलेत.

पहिला, रेस देण्याचा. तो एलईडीमुळे. अल्टरनेटरच्या रोटरमध्ये चुंबकत्व सुरू करायला पहिला करंट याच दिव्यातून जातो. २.२ वॅटचा साधा बल्ब सुमारे १८० मिलीअँपिअर देतो, एलईडी जेमतेम १०–२०. मग रोटरमध्ये उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर काम भागवायचं, त्याला जास्त आरपीएम लागतात. एक तर जुना २.२ किंवा ३ वॅटचा बल्ब परत लावा, किंवा एलईडी ठेवून त्याच्या समांतर ६८ ओहम ५ वॅटचा रेझिस्टर जोडा. रेझिस्टर तापतो, प्लास्टिकला चिकटवू नका. आणि हे लक्षात असू द्या की हा बल्ब फ्युज झाला तरी लक्षण हेच, आणि लोक डायनमो खोलून बसतात.

दुसरा, १.१ व्होल्टची चोरी. डायोड ०.७ खातो, तो सिलिकॉनचा धर्मच आहे. उरलेले ०.४ वायरमध्ये : ६ स्क्वेअर एमएम तांब्याचा रोध मीटरला साधारण ०.००३ ओहम, जाऊन-येऊन १० मीटर म्हणजे ०.०३, गुणिले १३ अँपिअर, ०.३९. हिशेब तुमच्या मीटरशी तंतोतंत जुळतो. १३.० व्होल्टवर ट्युब्युलर कधीच भरणार नाही, तिला १४.४ च्या आसपास हवेत. सतत अर्धवट राहिली की प्लेटवर सल्फेट जमतं आणि दीडशे एएचची बॅटरी शंभराची होते, मग ऐंशीची.

डायोड काढून टाका. त्या जागी व्होल्टेज सेन्सिंग रिले लावा. तो सेल्फच्या बॅटरीवर साधारण १३.३ झाले की जोडतो आणि १२.८ ला सोडतो, त्यामुळे रात्री दोन्ही बॅटऱ्या आपोआप वेगळ्या. आतला संपर्क धातूचा असल्याने व्होल्टेज खात नाही. वायर २५ स्क्वेअर एमएमची घ्या, निगेटिव्हसुद्धा. बोटीच्या लोखंडी अंगावर अर्थिंग सोडू नका. गंजलेल्या बोल्टमधून अर्थिंग मिळत नाही, आणि पाण्यातल्या लोखंडाला करंटमुळे खड्डे पडतात ते वेगळंच. दोन्ही टोकांना बॅटरीजवळ ६० अँपिअरचा फ्युज हवा. दोन्ही टोकांना बॅटरी आहे, त्यामुळे वायर मध्ये कुठेही घासून लोखंडाला लागली तर आग दोन्हीकडून येते. वायरच्या टोकाचे लग (बोल्टच्या भोकाचे तांब्याचे तुकडे) पक्कडीने चेपू नका, क्रिंपिंगच्या टूलने दाबून वरून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

तिसरा दोष हिशेबाचा.

एअरेटर ३६ एएच, दिवे १६, रात्रीला ५२. लेड-ॲसिड बॅटरीत जेवढं काढलं त्याच्या १.२ पट घालावं लागतं, म्हणजे ६२. सध्या २ तासांत १३ अँपिअरने २६ जातात. रोज ३६ ची तूट. बॅटरीची अर्धी ताकद ७५ एएच, ती दोन दिवसांत संपते आणि तिसऱ्या पहाटे एअरेटर रडतो. वायरिंग दुरुस्त केल्यावर गरम अल्टरनेटरकडून सरासरी २० धरा, म्हणजे ४० एएच. तरी २२ ची तूट उरतेच. त्यामुळे नुसत्या रिलेने बॅटरी तिसऱ्याऐवजी चौथ्या दिवशी बसेल, एवढंच.

साकोली_ऑटो :
मग ९० अँपिअरचा अल्टरनेटर लावला की झालं ना?

झाडीपट्टी_डिझेल :
नाही भाऊ. ३५ लिहिलेला अल्टरनेटर ३५ देतो तो ५–६ हजार आरपीएमला. बोटीचं इंजिन १२०० वर, पुलीचं प्रमाण दुप्पट धरलं तर अल्टरनेटर २४०० वर फिरतो. ९० चाही तिथे पूर्ण देणार नाही. आणि एका व्ही-बेल्टवर ९० अँपिअर ओढले की बेल्ट घसरतो, पुलीखाली काळी भुकटी पडते. (ती आताही पडते का पाहा. बेल्ट मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर १०–१२ मिलिमीटर वाकला पाहिजे. चकाकी आलेला बेल्ट ताणून उपयोग नाही, बदलाच.) मुख्य अडचण वेगळीच : शेवटचे २० टक्के भरताना बॅटरी स्वतःच करंट कमी घेते, त्याला कित्येक तास लागतात. तेवढं इंजिन चालवून डिझेल जाळणं परवडणार नाही.

छतावर १६५ वॅटचा सोलर पॅनल टाका, २० अँपिअरच्या चार्ज कंट्रोलरसह. स्वच्छ उन्हात दिवसाला ३५–४० एएच सहज मिळतात, २२ ची तूट भरून वर उरतात. मुख्य म्हणजे दिवसभर हळूहळू मिळतात, तेच त्या शेवटच्या २० टक्क्यांना हवं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्याहून कमी धरा, तेव्हा दिवे कमी जाळा. सोलर थेट ट्युब्युलरला जोडायचा आणि रिले असा घ्यायचा जो फक्त सेल्फच्या बाजूचं व्होल्टेज बघतो. दोन्ही बाजू बघणारा घेतला तर दुपारी सोलरमुळे जोडून बसेल, आणि सेल्फ मारताना ट्युब्युलरमधून करंट खेचून ६० चा फ्युज उडवेल.

पवनीचा_वायरमन :
एक भर. आपल्याकडच्या मे महिन्यात बॅटरी पेटीत ४५ अंश सहज होतात. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे १८ मिलीव्होल्ट कमी लागतात, म्हणजे २५ च्या तुलनेत ०.३६ कमी. कंट्रोलरला तापमानाची वायर असेल तर ती बॅटरीला चिकटवा, नसेल तर उन्हाळ्यापुरती १४.४ ची सेटिंग १४.१ वर आणा. नाहीतर पाणी उकळून जातं. उन्हाळ्यात डिस्टिल वॉटर दर पंधरा दिवसांनी बघायचं, नळाचं किंवा धरणाचं अजिबात नाही. पेटीच्या वरच्या बाजूला भोकं ठेवा, चार्जिंगला हायड्रोजन निघतो आणि तो वर चढतो.

आणि नवं सामान आणण्याआधी ही ट्युब्युलर जिवंत आहे का ते ठरवा. बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून हायड्रोमीटरने सहाही सेलमधल्या ॲसिडची घनता मोजा. भरलेल्या ट्युब्युलरला १.२४० च्या आसपास यायला पाहिजे. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० नं खाली असला तर ती बॅटरी गेली, तिच्यावर सोलरचा खर्च करू नका.

वैनगंगा_काठ :
हायड्रोमीटर लावला. पाच सेल १.२२५ ते १.२३५, तिसरा १.२१०. काय करू?

पवनीचा_वायरमन :
चालेल अजून. सगळीकडे पाण्याची पातळी सारखी करा आणि १० अँपिअरवर आणखी ५–६ तास द्या. अंगाला हात लावून पाहा, फार तापली तर थांबवा. तिसरा १.२२० च्या पुढे आला तर रिले आणि वायर घ्या. तिथेच अडला तर आधी बॅटरी.

वैनगंगा_काठ :
तिसरा १.२२५ वर आला. बल्ब बदलला, आता रेस न देता चार्जिंग पकडतं. २५ ची वायर आणायला शनिवारी भंडाऱ्याला जातो, लग किती एमएमचे घेऊ?

झाडीपट्टी_डिझेल :
२५ स्क्वेअरचे, भोक ८ चं. पण आधी खुंटाच्या क्लॅम्पचा आणि रिलेचा बोल्ट मोजून जा. रिलेला बऱ्याचदा ६ चा असतो.