अळमी वाचवायची तर बंदी पुरेशी आहे का?

रानवाट, वाळपई:
आषाढ सरत आला की आमच्याकडे गोव्यात रस्त्याच्या कडेला सागाच्या पानांत बांधलेली वारुळावरची अळमी, म्हणजे रानातली खाण्याजोगी अळंबी, विकायला येते आणि तिच्यावर कडक बंदी हवी, ही मागणीही त्याच सुमारास होते. अभयारण्यातून परवानगीवाचून वनोपज काढण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहेच आणि ती योग्य आहे. पण जंगल राखण्याच्या आपल्या पद्धतीबद्दल कोणी बोलत नाही, हे मला खटकते. पडलेले झाड उचलायचे, पाचोळा लोटायचा आणि उजाड जागी एकजात ऑस्ट्रेलियन बाभूळ लावायची, यात बुरशीचा थाराच जातो. आमच्या रायीत कोसळलेल्या फणसाच्या वरच्या अंगाला कानाच्या पाळीसारखी मऊ, तपकिरी बुरशी आली होती, जमिनीला टेकलेल्या बाजूला पांढरे तंतू पसरले होते आणि मोडलेल्या टोकाला टणक, अर्धगोल छत्र फुटले होते. ते खोड सरपणाला गेले असते, तर तिन्ही गेल्या असत्या. स्वित्झर्लंडमधील एका राखीव रानात 1975 पासून 29 वर्षे नोंदी ठेवल्या गेल्या, तेव्हा अळंबी खुडल्याने पुढचे पीक घटले नाही, जमीन तुडवल्याने मात्र ती कमी उगवली, असे आढळले.

कुळागरकर, सांगे:
हा दाखला आपल्या अळमीला लागू पडत नाही, कारण ती वाळवीच्या आधाराने जगते. वाळवी वारुळाच्या पोटात चघळलेल्या पाल्या-लाकडाचे मोहळासारखे थर रचून त्यांवर ही बुरशी वाढवते आणि बहुतेक जातींत नव्या वारुळाला हे बियाणे वारशाने मिळत नाही. कामकरी वाळव्या बाहेरून बीजाणू गोळा करून आणतात. बाजारात भाव मात्र न उमललेल्या कळ्यांना! कळी खुडली की बीजाणू सुटतच नाहीत. शिवाय मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांना पाणी ओतावे लागले, ते पाहिल्यावर सगळा पाचोळा राहू द्या, असे मी म्हणू शकत नाही.

रानवाट:
कळ्यांचा मुद्दा मला मान्य आहे. प्रत्येक वारुळावरची निम्मी अळमी तरी उमलू द्यावी. परंतु आपण जो पाचोळा हटवू पाहता, तेच त्या वाळवीचे अन्न आहे. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी साफ केलेले पट्टे, रस्त्यांच्या आणि काजूबागायतींच्या कडेने अवश्य काढाव्यात, रानाच्या आत मात्र जाड, ओलावा धरून राहणाऱ्या ओंडक्यांना हात लावू नये.

डोंगरकपार, काणकोण:
निम्मी कोण सोडणार? मी सोडली तर मागून येणारा नेईल, या भीतीनेच कळ्या खुडल्या जातात. 2002 च्या जैवविविधता कायद्याने पंचायत पातळीवर व्यवस्थापन समित्यांची तरतूद केली आहे. त्यांनी वारुळे नोंदवून ती पाळीपाळीने राखावीत.

कुळागरकर:
राखण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, नोंदीला नाही. आमच्या घरात वारुळाची जागा आजी फक्त सुनेला दाखवत असे. ती वहीत लिहिली गेली, तर पहिल्याच पावसात तिथे गावाबाहेरच्या गाड्या उभ्या राहतील.