लिहिणाऱ्यांच्या रोजच्या गप्पा : आपले अनुभव सांगावेत

जळगावात आम्हां लिहिणाऱ्यांचे मंडळ महिन्यातून एकदा जमते. वाचन तासाभरात आटोपते, पण त्यानंतर चहाबरोबर जे बोलणे सुरू होते त्यात कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाच्या कपाशीवर बोंडअळी आली, कोणाची आई दवाखान्यात आहे, हे सारे येते, आणि पुढच्या महिन्याचे लिखाण मला बहुतेक वेळा त्या बोलण्यातूनच सापडले आहे. असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. घरच्या माणसांनी, विशेषतः सोपानदेवांनी, त्यांची गाणी ऐकून उतरवून घेतली, म्हणूनच १९५१ मध्ये त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी ती पुस्तकरूपाने आली. ऐकणारे माणूस जवळ असण्याचे मोल आपल्याकडे असे जुने आहे. लेखनातील सोबत्यांशी झालेल्या साध्या बोलण्यातून आपल्याला काय मिळाले, ते येथे सविस्तर लिहावे, अशी माझी विनंती आहे.

शिरपूर, गृहिणी

आमच्या घरात अहिराणीच बोलली जाते, परंतु लिहायला बसले की मी पुस्तकी मराठीकडे वळत असे. माझ्या एका कथेत सासू सुनेला विचारते, ‘तू कुठे निघाली आहेस?’ मंडळातल्या एका अक्कांनी मेथी निवडता निवडता फोनवर सहज विचारले, “तुझ्या सासूबाई असंच बोलतात का गं?” मी म्हटले, “नाही, त्या म्हणतात, ‘कथा चालनी वं?’” त्यावर त्या म्हणाल्या, “मग तेच लिही.” मी तसे लिहिले. पुढे पुण्याच्या एका वाचकाने त्या ओळीपाशी थांबून विचारले की, येथे कोणती कथा चालली आहे? अहिराणीत ‘कथा’ म्हणजे ‘कुठे’, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. अर्थ तळटीपेत द्यावा की वाक्यातूनच उमगू द्यावा, यावर अक्का आणि मी तासभर बोललो. शेवटी मी सुनेला ‘वावरमा’ एवढे एकच उत्तर द्यायला लावले आणि तिच्या हातात विळा दिला. त्यानंतर कोणालाही अर्थ विचारावा लागला नाही.

रावेर तालुका, केळी उत्पादक

जूनमधल्या एका वादळाने कापणीला आलेली माझी बाग रात्रीतून आडवी झाली. केळीच्या खोडात लाकूड नसते. पानांच्या देठांचे थर एकमेकांवर गुंडाळून ते उभे असते, आणि वर भरलेला घड लोंबत असला की जोराच्या वाऱ्यापुढे त्याचे काही चालत नाही. वर्षभराची मेहनत जमिनीवर पाहिल्यानंतर मी मंडळाला कळवले की, यापुढे माझ्याकडून कविता येणार नाही. त्यावर ‘लिहिते राहा’ असा उपदेश कोणीही केला नाही, आणि त्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. धुळ्याचे एक निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणतो, रोज रात्री नऊच्या सुमारास फोन करीत आणि केवळ बागेविषयीच विचारीत: पंचनामा झाला का, पडलेली झाडे उचलायला मजूर मिळाले का, कंदाला नवे पील फुटले का. त्यांना केळीतले फारसे कळत नसल्यामुळे मला प्रत्येक गोष्ट फोड करून सांगावी लागे. एका रात्री मी त्यांना सांगितले की, मोडलेल्या खोडांतून दिवसभर पाणी गळत होते आणि त्या चिकाचे माझ्या सदऱ्यावर पडलेले डाग बायकोने तीनदा धुतले तरी निघाले नाहीत. आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “भाऊ, हे आत्ता जसं सांगितलंस तसंच कागदावर उतरवून ठेव.” तो माझा पहिला गद्य लेख. कवितेकडे मी परत गेलो नाही. मला गद्यच मानवले.

नंदुरबार, एस. टी. वाहक

धडगावच्या मुक्कामी गाडी लावली की मी मंडळातल्या मित्राला फोन करतो आणि दिवसभरात गाडीत कानावर पडलेले एक वाक्य त्याला सांगतो. वही मला कधी जमली नाही, पण ती सारी वाक्ये त्याच्याजवळ तारीखवार लिहिलेली आहेत.

अमळनेर, निवृत्त शिक्षिका

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या गावी ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही झाले. बाहेरगावचे पाच सोबती माझ्याकडे उतरले होते; त्यांपैकी तिघे सकाळी एकीकडे गेले व दोघे दुसरीकडे. रात्री वरणबट्टीच्या पंगतीला जो वाद झाला, तो दोन्ही मांडवांत ऐकलेल्या भाषणांपेक्षा मला अधिक मोलाचा वाटला, कारण येथे प्रत्येकाला समोरच्याचे संपूर्ण ऐकून घेणे भाग होते आणि तूप वाढण्यासाठी मधूनच थांबावेही लागत होते. मते कोणाचीही बदलली नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र ते पाचही जण आपापली बाजू सोडून पलीकडचा मांडव पाहून आले.

भुसावळ, रेल्वे कर्मचारी

मला येथे दुसरी बाजूही मांडावीशी वाटते. ओळख वाढली की एकमेकांच्या लेखनातील उणीव दाखवणे अवघड होते, आणि आमच्याकडे दोन वर्षे केवळ कौतुकच चालले होते. गेल्या हिवाळ्यात एका सोबत्याच्या शेतात भरिताचा बेत होता. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत असताना, त्यांतले एक काडीने उलटवत, माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, “भाऊ, तुझ्या कथेतली शेवटची दोन पानं नकोत.” मला ते फार लागले. जेवताना मी कोणाशीही नीट बोललो नाही आणि रात्री घरी येऊन ती कथा दोनदा वाचली. कथा खरोखरच त्या दोन पानांच्या आधी, फलाटावर उभ्या असलेल्या मुलापाशी, संपत होती. पण ती पाने काढून टाकायला मला तीन आठवडे लागले, आणि टाकल्यानंतर पहिला फोन मी त्यालाच केला.